व्हिटसंडे बेटांत मित्रमंडळींसोबत स्वतः बोट चालवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियात राहणारी मराठी मंडळी आणि भारतातून त्यांच्याकडे येणारे मित्र-नातेवाईक हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली आहे, अडचणीचे पुढे आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

1. व्हिटसंडे नेमकं कुठे आहे? आणि ‘बेअरबोट’ म्हणजे काय?

क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत, दक्षिण अक्षांश 20 अंशांच्या आसपास 74 बेटांचा हा समूह आहे. किनाऱ्यावरचं मुख्य गाव एअरली बीच. हॅमिल्टन, हेमन, डेड्रीम अशा मोजक्या बेटांवर हॉटेलं आहेत, बाकीची बहुतेक बेटं राष्ट्रीय उद्यान आहेत. तिथे दुकान नाही, धक्का नाही, दिवा नाही. न्गारो लोक हजारो वर्षं इथे झाडाच्या सालीच्या होड्यांतून बेटाबेटांत फिरत आले. हूक बेटावरच्या नारा इनलेटमध्ये त्यांची गुहाचित्रं आहेत आणि ती जरूर पाहावीत. जेम्स कुक जून 1770 मध्ये इथून गेला आणि त्या दिवशीच्या ख्रिस्ती सणावरून त्याने बेटांमधल्या समुद्रवाटेला (व्हिटसंडे पॅसेजला) हे नाव दिलं.

बेअरबोट म्हणजे खलाशी-कप्तान नसलेली, भाड्याने घेतलेली बोट. शीड, सुकाणू, नांगर, स्वयंपाक, सगळं तुमच्याकडे. अंतरं छोटी असतात, एका दिवसात साधारण 5 ते 15 सागरी मैल (1 सागरी मैल म्हणजे 1.85 किलोमीटर). डोळ्यांसमोर कायम कुठलं तरी बेट असतं, त्यामुळे नवख्या मंडळींना हा भाग जमतो.

2. आमच्यापैकी कोणाकडेच बोटीचं लायसन्स नाही. तरी बोट मिळेल?

मिळेल. व्हिटसंडे भागात भाड्याच्या बेअरबोटीसाठी लायसन्स लागत नाही. कंपनी तुम्हाला बोटीवर काही तास शिकवते आणि पाण्यात नेऊन बघते. पण याचा अर्थ ‘कोणालाही मिळते’ असा नाही. निदान दोन प्रौढांना बोटीचा थोडाफार अनुभव आहे का, हे कंपनी विचारते. उत्तर खरं द्या. अनुभव नसेल तर पहिला अर्धा किंवा पूर्ण दिवस मार्गदर्शक कप्तान घ्या. त्या पैशात नांगर टाकणं आणि मूरिंग (तळाला कायम पक्का केलेला, बोट बांधायचा तरंगता बोया) उचलणं चार-चार वेळा करून घ्या. शीड नंतर शिकता येतं.

निघण्याआधी एक गोष्ट आपसात ठरवा: कप्तान कोण. मित्रांत सगळे सारखे असले तरी नांगर टाकताना एकाचाच शब्द चालला पाहिजे. सुकाणूवरचा माणूस आणि नाळेवरचा (बोटीच्या पुढच्या टोकावरचा) माणूस यांच्यात हातांच्या खुणा ठरवा (पुढे, मागे, थांब, साखळी सोड), कारण वाऱ्यात ओरडलेलं ऐकू जात नाही.

3. कुठल्या महिन्यात यावं?

सप्टेंबर ते नोव्हेंबरची सुरुवात हा नवख्यांसाठी सर्वांत सोपा काळ. वारा हलका, पाणी कोमट, आणि मधूनमधून उत्तरेचा वारा. एप्रिल ते ऑगस्ट आग्नेय व्यापारी वारे जोरात असतात, 15 ते 25 नॉट (ताशी सागरी मैल) रोजचेच. शिडाची हौस असणाऱ्यांना हेच आवडतं. जुलै ते सप्टेंबर हंपबॅक व्हेल येतात. या भागात त्यांच्यापासून 300 मीटर अंतर ठेवावं लागतं, इतरत्र 100 चालतं. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम. 28 मार्च 2017 रोजी ‘डेबी’ वादळ इथेच धडकलं आणि हूक बेटाच्या उत्तरेकडच्या प्रवाळाचं फार नुकसान झालं. विषारी जेलीफिशही याच सुमारास जास्त असतात (प्रश्न 16).

सिडनी-मेलबर्नच्या मंडळींनी लक्षात ठेवावं की क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत. ऑक्टोबर ते एप्रिलची सुरुवात तुमचं घड्याळ एक तास पुढे असतं. घरच्या वेळेने भरतीचा तक्ता वाचला की अख्खा दिवस चुकतो.

4. आम्ही सहा जण आहोत. कॅटमरान (दोन सांगाड्यांची बोट) घ्यावी की एका सांगाड्याची शिडाची बोट?

सहा-आठ जण, त्यात लहान मुलं किंवा आई-बाबा असतील तर कॅटमरान. ती कलत नाही, स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर असतं, आणि पाण्याखालचा भाग साधारण सव्वा मीटर असल्याने उथळ पाण्यात आत जाता येतं. एका सांगाड्याच्या बोटीचा तोच भाग 1.8 ते 2 मीटर असतो. ती स्वस्त पडते, वाऱ्याच्या विरुद्ध चांगली चढते, आणि शीड खऱ्या अर्थाने शिकायचं असेल तर तीच घ्यावी.

आठ जागांच्या बोटीत आठ जण भरू नका. बैठकखान्यातलं टेबल खाली करून केलेला पलंग ‘दोन जणांचा’ धरलेला असतो. त्यावर झोपणाऱ्यांना सगळ्यांच्या आधी उठावं लागतं आणि तिसऱ्या दिवशी कुरबूर सुरू होते.

5. भारतातून मित्र येणार आहेत. व्हिसा, विमान आणि खाऊचं काय?

भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा (उपवर्ग 600) आधी काढावा लागतो. सिडनी, मेलबर्न किंवा ब्रिस्बेनहून देशांतर्गत विमानाने प्रोसरपाइनच्या व्हिटसंडे कोस्ट विमानतळावर उतरा, तिथून एअरली बीच गाडीने साधारण अर्धा-पाऊण तास. हॅमिल्टन बेटावरही विमानतळ आहे, तुमची बोट तिथून निघणार असेल तर तोच सोयीचा.

खाण्याचा प्रत्येक पदार्थ येताना कार्डावर जाहीर करायला सांगा. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या, बियाणं आत येत नाही. पेढे-बर्फीसारखे दुधाचे पदार्थही अडकतात. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, पण लपवलेल्या वस्तूला मोठा दंड आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांसाठी धोका पत्करायला सांगू नका. मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत बहुतेक सामान मिळतं, पण एअरलीत त्याचा भरवसा धरू नका. ते शहरातूनच बांधून आणा.

6. भाड्याव्यतिरिक्त कोणते खर्च धरायचे?

सागरी उद्यानाचं दरडोई दरदिवशी शुल्क, डिझेल, अनामत रक्कम किंवा तिच्याऐवजी विम्याचा जादा हप्ता, जेलीफिशपासून वाचवणारे सूट, चादरी-टॉवेल (काही ठिकाणी वेगळे), आणि हॅमिल्टन बेटाच्या मरीनात एखादी रात्र बांधली तर तिचं भाडं. अनामत कधी कापतात, हे सहीआधी ओळनओळ वाचा. डिंगीचा (किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचा) पाण्याखालचा पंखा, हरवलेलं नांगरउचल यंत्राचं रिमोट आणि तुंबलेला संडास अनेकदा विम्याबाहेर असतात.

7. दुपारी चारच्या आत नांगर टाका असं का सांगतात? आम्हाला सूर्यास्त पाण्यावर बघायचा आहे.

सूर्यास्त नांगरावरूनही पाण्यावरच दिसतो. चारच्या सुमाराची अट तीन कारणांसाठी आहे. पहिलं, प्रवाळ डोळ्यांनी बघून टाळावा लागतो आणि तो उंच उन्हातच दिसतो. तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ, फिकट हिरवं म्हणजे वाळू. ऊन तिरपं झालं की पाणी आरशासारखं चमकतं आणि खालचं काही दिसत नाही. पोलराइज्ड चष्मा इथे चैनीची वस्तू नाही. दुसरं, हिवाळ्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडतो. पहिल्यांदा नांगर धरला नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला आणि जागा बदलायला उजेड हवा. तिसरं, चांगल्या खाड्या तीननंतर भरतात.

म्हणून दिवसाची आखणी संध्याकाळकडून सकाळकडे करा. आज रात्री कुठे, तिथे किती वाजता पोहोचायचं, वाटेतला प्रवाह कधी बाजूने आहे (प्रश्न 10), त्यावरून निघायची वेळ. सकाळ-संध्याकाळ कंपनीशी रेडिओवर बोलायची ठरलेली वेळ असते. ती चुकवू नका. हवामान सांगतात, तुमचा बेत ऐकतात आणि चुकीचा असेल तर तिथेच थांबवतात.

8. नांगर टाकताना साखळी किती सोडायची? नेमका आकडा सांगा.

पाचपट. पण कशाच्या पाचपट, तिथेच चूक होते. आत्ताची खोली नव्हे, तर रात्रीच्या सर्वांत मोठ्या भरतीची खोली अधिक पाण्यापासून नाळेची उंची.

समजा खोलीमापक 5 मीटर दाखवतोय. तक्त्यात आत्ताचं पाणी 1.2 मीटर आणि रात्रीची भरती 3.4 मीटर, म्हणजे 2.2 मीटर पाणी वाढणार. नाळ पाण्यापासून 1.3 मीटर उंच. बेरीज 8.5. पाचपट म्हणजे 42.5 मीटर साखळी. फक्त 5 मीटर धरून 25 मीटर सोडली असती, तर भरतीला ते प्रमाण तीनपटीच्याही खाली आलं असतं आणि बोट रात्री घसरली असती. ओहोटीचंही बघा. पहाटे पाणी 0.6 मीटरवर येणार असेल तर खोली 4.4 उरते. बोट 2 मीटर बुडणारी असेल तरी खाली जागा आहे.

खोलीमापक पाण्याच्या पातळीपासून मोजतो की बोटीच्या तळापासून, हे ताब्यात घेतानाच विचारा. दोन मीटरचा फरक त्यातच असतो.

टाकण्याची पद्धत अशी: वाऱ्याकडे नाळ करून वाळूच्या डागावर अगदी थांबा. डिंगीचा दोर आखूड करा, नाहीतर मागे जाताना तो पंख्यात अडकतो (प्रश्न 20). नांगर तळाला टेकेपर्यंत सोडा, मग बोट वाऱ्याने मागे सरकेल तशी साखळी मोकळी करा, ढीग करू नका. सगळी सोडली की इंजिन मागच्या गियरमध्ये हळूहळू 1,500 ते 2,000 फेऱ्यांपर्यंत न्या आणि अर्धा मिनिट धरून ठेवा. साखळीवर पाय ठेवा. ती थरथरत-अडखळत असेल तर नांगर घसरतोय. ताणून शांत राहिली तर धरलाय. शेवटी ताण घेणारा दोर (कॅटमरानला दोन टोकांचा) साखळीला अडकवा, म्हणजे झटका यंत्रावर येत नाही. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा आणि फोनवर नांगराचा गजर लावा.

प्रवाळावर नांगर टाकणं बेकायदा आहे. त्याची भीती दंडापेक्षा प्रवाळाच्या वयाने वाटायला हवी. एका झटक्यात मोडतं ते वाढायला कित्येक दशकं लागलेली असतात.

9. पाण्यात वेगवेगळे तरंगते बोये दिसतात. कोणाला बांधायचं, कोणाला नाही?

सार्वजनिक मूरिंग बोयावर रंगीत पट्टा आणि माहितीची पट्टी असते. किती लांबीची बोट, किती वाऱ्यापर्यंत आणि किती वेळ, हे तिच्यावर लिहिलेलं असतं. गजबजलेल्या पोहण्याच्या जागी दिवसा बऱ्याच ठिकाणी दोन तासांचीच मुभा आहे. आपली बोट बसत नसेल तर जागा रिकामी असूनही घ्यायची नाही. उचलताना वाऱ्याच्या विरुद्ध हळू या, आकड्याने दोर उचला आणि बोटीचा दोर त्याच्या कडीतून ओवून परत बोटीलाच बांधा.

पांढरे, पिरॅमिडच्या आकाराचे बोये प्रवाळरक्षक खुणा आहेत. त्यांना बांधायचं नाही. दोन खुणांमध्ये मनाने सरळ रेष ओढा. त्या रेषेच्या किनाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकायचा नाही. खाजगी मूरिंगला कोणी नसतानाही हात लावू नका, त्याखालचं वजन कशासाठी बनवलंय हे तुम्हाला माहीत नसतं.

10. इथल्या भरती-ओहोटीचं एवढं का सांगतात? कोकणातही असतेच की.

असते, आणि कोकणातल्या मंडळींना इथली भाषा लवकर कळते. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, इथे पाणी जवळजवळ 4 मीटरपर्यंत चढतं-उतरतं. भांगाच्या भरतीला फरक बराच कमी. दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज साधारण 50 मिनिटं उशिरा.

पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासाला 1, दुसऱ्याला 2, तिसऱ्या-चौथ्याला 3-3, पाचव्याला 2, सहाव्याला 1. म्हणजे 3 मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांतच दीड मीटर पाणी येतं. बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांत, म्हणजे सॉलवे, हूक आणि फिट्झॅलन पॅसेजमध्ये, त्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोरात असतो. तिथून पाणी फिरायच्या वेळी, भरती-ओहोटीच्या सांध्यावर जा.

दुसरी गोष्ट दिशेची. व्हिटसंडे पॅसेजमध्ये भरतीचं पाणी दक्षिणेकडे वाहतं, ओहोटीचं उत्तरेकडे. वारा आग्नेयेचा. म्हणजे भरतीच्या वेळी वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि लाटा आखूड, उंच, खड्या उभ्या राहतात. तोच वारा, तीच जागा, पण ओहोटीला समुद्र सौम्य. ‘काल इथे शांत होतं, आज काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर नव्वद टक्के वेळा हेच असतं.

11. अंदाजात ‘20 ते 25 नॉट’ लिहिलंय. निघावं की नाही?

हवामान खात्याचा ‘मॅके कोस्ट, बोवेन ते सेंट लॉरेन्स’ हा अंदाज तुमच्या भागाचा. त्यातला वारा सरासरी असतो. झोत त्याहून 40 टक्के जास्त आणि एखादी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट असू शकते, असं तेच खातं सांगतं. 25 म्हणजे मधूनच 35.

15पर्यंत सगळं खुलं. 15 ते 20ला शीड लवकर लहान करा. पहिल्यांदा मनात आलं की तेव्हाच करा, नंतर अवघड होतं. 20 ते 25ला बेटांच्या पश्चिमेकडच्या आडोशात राहा, पूर्वेकडे जाऊ नका. त्यावर बहुतेक कंपन्या नांगरावरच थांबायला सांगतात, आणि तो हुकूम असतो.

एक फसवी जागा सांगतो. हूक बेटाच्या उत्तरेकडच्या खाड्या नकाशावर आग्नेय वाऱ्यापासून पूर्ण आडोशात दिसतात. पण वारा जोराचा असला की डोंगरावरून झोत खाली कोसळतात आणि बोट क्षणात फिरते. तिथे मूरिंग मिळालं तरच रात्र काढा. उलट, उत्तरेचा वारा असेल तर याच खाड्या उघड्या पडतात.

12. पाच रात्रींचा मार्ग सुचवाल?

हलका वारा धरून: पहिली रात्र नारा इनलेट (एअरलीहून तीन-चार तास, आत खोल आडोसा, वर गुहाचित्रं). दुसरी हूकच्या उत्तरेला, बटरफ्लाय बे किंवा मोरीन्स कोव्ह. दिवसा मँटा रे बे किंवा हेमनच्या ब्ल्यू पर्ल बेमध्ये स्नॉर्केलिंग करता येतं, दोन्हीकडे 2019 साली पाण्याखाली शिल्पं बसवली आहेत. तिसऱ्या दिवशी पूर्वेकडून खाली येऊन बॉर्डर बेटाची कॅटरान बे. चौथ्या दिवशी सकाळी टंग बे आणि हिल इनलेट (प्रश्न 13), मग व्हाइटहेवन. हा किनारा 7 किलोमीटर लांब, वाळू 98 टक्के सिलिका. दुपारी तापतच नाही. रात्र मात्र दक्षिण टोकाला काढा, बाकी ठिकाणी लाट आत येते आणि झोप लागत नाही. पाचव्या दिवशी सॉलवेमधून पाण्याचा सांधा साधून सिड हार्बर, तिथून सॉमिल बीचवरून व्हिटसंडे शिखर (437 मीटर) चढता येतं. सहाव्या दिवशी परत.

वारा 20च्या वर असेल तर पूर्वेकडचं सगळं सोडा: नारा, शेजारचा मॅकोना इनलेट, सिड हार्बर, हॅमिल्टन. हाही सुंदर आठवडा असतो. बाहेरच्या ग्रेट बॅरियर रीफवर बेअरबोट नेऊ देत नाहीत, त्यासाठी एअरली किंवा हॅमिल्टनहून दिवसाची मोठी बोट घ्या.

13. हिल इनलेटचे पांढरे-निळे पट्टे कोणत्या वेळी दिसतात? आणि डिंगी कुठे ठेवायची?

पट्टे पाणी ओसरलेलं असताना उठून दिसतात. पण टंग बेचा किनारा पूर्ण ओहोटीला उघडा पडतो. वर चढून फोटो काढेपर्यंत खाली डिंगी प्रवाळावर कोरडी बसलेली असते आणि पाणी परत येईपर्यंत दोन-तीन तास अडकता. मधली वाट: ओहोटी अर्धी झाली की उतरा, वर जा, आणि तळ उघडा पडायच्या आत परत या. किंवा एकाने डिंगीत थांबून ती खोल पाण्यात धरावी.

भरती चढत असताना कुठेही उतरलात तर उलटं होतं: डिंगी वाहून जाते. ती उचलून भरतीच्या खुणेच्या वर न्या आणि झाडाला बांधा. डिंगीचं इंजिन सुरू असताना, ते बंद पाडणारी दोरी मनगटाला असू द्या. रात्री डिंगी वर टांगून ठेवा.

14. वीज आणि पाणी पुरतं का?

पाणी माणशी दिवसाला 20 लिटर धरा. सहा जण, पाच रात्री: 600 लिटर. टाकी 700ची असेल तर पुरेल. समुद्रात पोहून झाल्यावर मागच्या शिडीवर गोड्या पाण्याचा तांब्याभर शिडकावा घ्या, आतलं शॉवर नको. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात.

वीज 12 व्होल्टच्या बॅटऱ्यांवर, सर्वांत जास्त खाणारा फ्रीज. साध्या शिशाच्या बॅटरीत 12.7 म्हणजे भरलेली, 12.2च्या आसपास म्हणजे अर्धी. त्याखाली जाऊ देऊ नका. सकाळ-संध्याकाळ इंजिन तासभर चालवायला सांगतात ते याचसाठी. नांगर उचलताना इंजिन सुरूच हवं. केसांचा ड्रायर आणि विजेची किटली घरी ठेवा.

15. संडासबद्दल विचारायला लाज वाटते, पण...

सगळेच विचारतात. नळी जेमतेम तीन-चार सेंटिमीटरची असते. पोटातून गेलेलं नाही असं काहीही त्यात टाकायचं नाही. कागद, ओला पुसणी रुमाल, केस, सॅनिटरी पॅड, काही नाही. कागद वापरणाऱ्यांनी तो झाकणाच्या डब्यात टाकावा. आपल्या पाण्याच्या सवयीचा इथे फायदाच होतो, मगभर पाणी नळीला चांगलंच. वापरानंतर हातपंप पंधरा-वीस वेळा मारा. तीन-चार वेळा मारून सोडलं की मैला नळीतच राहतो आणि तिथूनच तुंबतं.

मैला साठवणीच्या टाकीत जातो. ती रिकामी करायची झडप बेट, प्रवाळ आणि मुख्य किनारा यांपासून किमान 1 सागरी मैल दूर, चालत्या बोटीतच उघडा. खाडीत कधीच नाही. बोटीवर जास्त माणसं असतील तर नियम आणखी कडक होतात, कंपनीला तुमच्या संख्येप्रमाणे विचारा.

16. आमच्यात काहींना पोहता येत नाही. शिवाय जेलीफिश, शार्क. उतरावं का पाण्यात?

पोहता न येणाऱ्यांनी तरंगवणारं जाकीट घालून, पोहणाऱ्या जोडीदारासोबत, आणि पाणी फिरायच्या वेळी उतरावं. उधाणाच्या प्रवाहात चांगला पोहणाराही बोटीपासून वाहत जातो. मागच्या शिडीला 20-30 मीटर तरंगता दोर बांधून सोडा. डिंगीत बसताना सगळ्यांनी जाकीट घालावं, मोठ्यांनीही.

जेलीफिश नोव्हेंबर ते मेमध्ये जास्त, पण पूर्ण अंगाचा पातळ सूट वर्षभर घाला, उन्हापासूनही वाचतं. इरुकांजी हा नखाएवढा प्राणी. डंख जाणवतही नाही. अर्ध्या तासाने पाठ-पोट पिळवटून दुखू लागतं, उलट्या होतात, घाम येतो. डंखावर निदान 30 सेकंद व्हिनेगर ओता, चोळू नका, गोडं पाणी लावू नका. 000ला फोन किंवा रेडिओच्या चॅनल 16वर मदत मागा. श्वास थांबला तर छाती दाबणं सुरू करा.

शार्कबाबत एकच ठाम गोष्ट: सिड हार्बरमध्ये 2018 साली तीन हल्ले झाले, एक जीव गेला. तिथे नांगर टाका, डोंगर चढा, पण पाण्यात उतरू नका. कुठेही संध्याकाळी-पहाटे पोहू नका आणि बोटीवरून उरलेलं अन्न किंवा माशाची आतडी टाकून लगेच पाण्यात जाऊ नका. खारफुटीच्या ओहोळांपासून लांबच राहा, मगरी असतात.

17. सुरमई गळाला लागली तर खायची का?

हा प्रश्न मराठी मंडळीच विचारतात, आणि तो फार महत्त्वाचा आहे. इथली ‘स्पॅनिश मॅकेरल’ म्हणजे आपलीच सुरमई, तीच जात. पण प्रवाळाच्या पाण्यात सिग्वाटेरा नावाचं विष छोट्या माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. मासा जेवढा मोठा तेवढा धोका. ते शिजवून, तळून, गोठवून जात नाही, आणि त्याला वास-चव नसते. काही तासांत उलट्या-जुलाब, ओठ-बोटांना मुंग्या, आणि थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. काही जणांना महिनोन्महिने त्रास राहतो. मोठी सुरमई परत सोडा. रेड बास कुठल्याही आकाराचा खाऊ नका. खायचाच तर लहान आकाराचा कोरल ट्राउट, पण कायद्याने 38 सेंटिमीटरपेक्षा छोटा नको.

आधी सागरी उद्यानाच्या नकाशात रंग बघा. हिरव्या पट्ट्यात मासेमारी पूर्ण बंद. पिवळ्यात माणशी एक दोरी, एक गळ. निळ्यात साधारण मुभा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास पाच-पाच दिवस प्रवाळातल्या माशांना बंदी असते, आणि सुरमईला वेगळे बंदीचे दिवस व संख्येची मर्यादा आहे. तारखा दर वर्षी बदलतात.

18. गॅस आणि स्वयंपाकात काय सांभाळायचं?

बोटीवरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली तळात साठतो आणि वर वास येईलच असं नाही. म्हणून स्वयंपाक झाला की आधी बाटलीजवळची झडप बंद करा, ज्योत आपोआप विझू द्या, मग शेगडीचं बटण. तळण चालत्या बोटीत नको, नांगरावरही नको. भजी-पुऱ्यांची हौस किनाऱ्यावर भागवा. कुकर आणा: मूगडाळ-तांदळाची खिचडी, कमी गॅस, एक भांडं. पहिल्या दोन दिवसांचं जेवण शिजवून गोठवून न्या, ते फ्रीजला बर्फाचंही काम करतं.

19. बोट लागणं आणि दारू, दोन्हीबद्दल सांगा.

बोट लागू नये म्हणून गोळी आदल्या रात्री आणि निघायच्या तासभर आधी. लागल्यावर घेतली तर उलटून पडते. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. पहिला दिवस पश्चिमेकडच्या आडोशात ठेवा, फोन बघू नका, खालच्या खोलीत जाऊ नका, क्षितिजाकडे नजर. सुकाणू हातात दिलं तर बऱ्याच जणांना लगेच बरं वाटतं.

दारूची मर्यादा गाडीसारखीच, रक्तात 0.05. आणि ती नांगरावर असतानाही लागू आहे. रात्री नांगर घसरला तर कोणीतरी शुद्धीत बोट हलवायला हवं. एकाने रोज न पिता राहायचं, पाळीपाळीने.

20. काही बिघडलं तर आधी काय करायचं?

*रात्री नांगर घसरला.* गजर वाजला की आधी इंजिन सुरू करा, मग दिवे, मग बाकीच्यांना उठवा. आजूबाजूला जागा असेल तर आणखी 10 मीटर साखळी सोडून बघा. तरी घसरला तर उचलून नव्याने टाका.

*नांगर अडकला.* यंत्राने खेचू नका, ते साखळी उचलायला आहे, बोट ओढायला नाही. त्याचा फ्यूज उडतो. इंजिनाने हळू पुढे जाऊन साखळी उभी करा, मग ज्या दिशेने टाकला त्याच्या उलट दिशेने हळू ओढून बघा. सुटला नाही तर कंपनीला कळवा.

*इंजिन तापलं.* मागच्या नळीतून पाणी पडतंय का बघा. पडत नसेल तर बंद करा. पाण्याच्या जाळीत गवत अडकलेलं असतं. झडप बंद, जाळी साफ, झडप उघडी.

*दोर पंख्यात गेला.* इंजिन ताबडतोब बंद, गियर मोकळा. खडक जवळ असतील तर तिथेच नांगर टाका. मागे-पुढे करून सुटेल असं वाटतं, सुटत नाही, आणखी घट्ट होतो. पाण्यात उतरायच्या आधी किल्ली काढून खिशात ठेवा.

*जीव धोक्यात.* रेडिओ चॅनल 16, ‘मेडे’ तीनदा, बोटीचं नाव, जागा, काय झालं, किती माणसं. हा मजकूर निघण्याआधी मराठी लिपीत लिहून रेडिओशेजारी चिकटवा, म्हणजे कप्तानच पाण्यात पडला असेल तरी उरलेल्यांपैकी कोणीही वाचू शकेल. पूर्वेकडच्या खाड्यांत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, पण रेडिओवर कोणीतरी ऐकत असतं.